झेंडा लागला त्या दिवशीची आजी

निघोज्यातून बोलतेय. हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

आधी एक विचारते. तुमचा वाढदिवस कधी असतो? आधार कार्डावरची तारीख सांगू नका. खरा वाढदिवस सांगा.

आमच्या बचत गटात हा प्रश्न निघाला तो बँकेच्या कागदांवरून. अकरा जणींची आधार कार्डं एकत्र ठेवली आणि बघते तर काय, सहा जणींची जन्मतारीख १ जून! एक बाई हसून म्हणाली, "अगं, आपण काय एकाच दिवशी एकाच आईला झालो की काय?" हसलो सगळ्या. पण त्यामागची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पोरीला शाळेत घालायला बाप किंवा चुलता जायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बापाला कांद्याची लागण कधी केली ते पाठ, पोरीची तारीख नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून गुरुजी सहा वर्षं मागं मोजून १ जून टाकून मोकळे व्हायचे. ज्या शाळेतच गेल्या नाहीत, त्यांना पुढं आधार काढताना अंदाजानं वर्ष आणि १ जानेवारी मिळाली.

आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या बाई अशाच १ जानेवारीवाल्या. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. त्यांच्या कार्डावर १९५२ साल आहे. त्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, "माझा जन्म झेंडा लागला त्या दिवशीचा हाय. आई सांगायची, धोंड्याचा महिना हुता, दुसऱ्या दिवशी अवस, आन् वार शुक्कीरवार. चावडीवर झेंडा लावला, पोरांना साखर वाटली, आन् इकडं मी झाले."

आम्ही गप्प झालो. झेंडा लागला तो दिवस, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७! कार्डावरच्या वयात आणि खऱ्या वयात साडेचार वर्षांचा फरक. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाला चार वर्षांनी काय फरक पडतो? पडतो बायांनो. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला. आजींची पंच्याहत्तरी नेमकी त्याच महिन्यात भरली होती. पण कार्ड म्हणतं, अजून सत्तरच. ६५ वर्षांच्या अटीच्या पेन्शनलाही त्यांना अशीच चार-साडेचार वर्षं जास्त थांबावं लागलं होतं. एका तारखेनं किती पैसे गेले त्याचा हिशेब तुम्हीच करा.

मग आम्ही ठरवलं, आईचं बोलणं तपासून बघायचं. इतिहास म्हणजे तरी दुसरं काय असतं? कुणीतरी काही सांगतं, आणि आपण त्याला पुरावा शोधतो.

पहिला पुरावा पंचांगाचा. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तो दर अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो, आणि दर वेळी वेगळ्या महिन्याला जोडून येतो. १९४७ साली तो श्रावणाला जोडून आला होता, म्हणजे अधिक श्रावण. आता १५ ऑगस्ट १९४७ बघा. वार शुक्रवार. तिथी अधिक श्रावण वद्य चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला अमावस्या. महिना, वार, अवस, तिन्ही गोष्टी जुळल्या! लिहिता न येणाऱ्या एका आईनं लेकीची तारीख अशी तीन गाठी मारून जपून ठेवली होती. तिला ऑगस्ट म्हणजे काय ते माहीत नसेल, पण तिचा हिशेब एका दिवसानंही चुकला नाही.

दुसरा पुरावा कागदाचा. पूर्वी गावात जन्मलेल्या आणि वारलेल्या माणसांची नोंद एका वहीत व्हायची. तिला कोतवाल बुक म्हणतात, सरकारी भाषेत गाव नमुना नंबर १४. अलीकडं जातीच्या दाखल्यांसाठी लोक ती शोधतात, म्हणून हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. आजींचं माहेर आपल्याच खेड तालुक्यातलं. त्यांच्या भाच्यानं अर्ज केला, हेलपाटे घातले, मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना गाठलं. ऑगस्ट १९४७ च्या पानावर ओळ सापडली. तारीख १५. बापाचं नाव बरोबर. पुढं लिहिलंय, मुलगी. आणि मुलीच्या नावाची जागा कोरी.

आजींना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बारसं व्हायचं हुतं ना अजून."

पुढं बारसं झालं, पण वहीत नाव चढवायला कुणी परत गेलं नाही. त्यामुळं आता एका कार्यालयात विचारतात, "ही मुलगी म्हणजे तुम्हीच कशावरून?" त्यासाठी प्रतिज्ञापत्र, भावाचा जबाब, असं सगळं चाललंय. अर्ज अजून चालूच आहे.

मैत्रिणींनो, जन्मतारीख हरवणं हे फक्त आपल्यासारख्यांच्याच वाट्याला येतं असं समजू नका. इथून उत्तरेला जुन्नरजवळ शिवनेरी आहे. प्रत्यक्ष शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेवर विद्वानांचा किती वर्षं वाद चालला! आधी वैशाख शुद्ध द्वितीया, साल १६२७ असं मानत. मग जेधे शकावलीसारखे जुने कागद उजेडात आले आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढं आली. आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते ती त्यामुळं. राजाची तारीख शोधायला लोक पन्नास-पन्नास वर्षं कागद चाळत बसले. आपल्या आईची, सासूची तारीख शोधायला आपण एक दुपार द्यायला काय हरकत आहे?

आता दुसरी गंमत सांगते. देशाच्या सणाला आणि वाढदिवसाला पूर्वीपासून जोडलेलं नातं आहे, पण ते उलटं होतं. इंग्रजांच्या काळात राजाचा वाढदिवस हाच सुट्टीचा दिवस असे. राणी व्हिक्टोरियाला गादीवर बसून साठ वर्षं झाली म्हणून २२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंडीत सरकारी बंगल्यावर मोठा सोहळा झाला. त्याच वर्षी पुण्यात प्लेगनं माणसं मरत होती. गोरे सोजीर घरात, देवघरात, माजघरात शिरून झडत्या घेत होते. बायाबापड्यांची त्यात झालेली विटंबना लोकांच्या मनात सलत होती. त्या सोहळ्यावरून परतताना चिंचवडच्या चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढच्या वर्षी त्यांचे दोन धाकटे भाऊही फासावर गेले. एका आईची तीन मुलं. आपण पुण्याला जाता-येता ज्या चिंचवडवरून जातो, तिथली ही गोष्ट.

मग आपल्या लोकांनी ठरवलं की सण आपला हवा, साहेबाचा नको. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसनं संपूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० ला देशभर स्वातंत्र्य दिन पाळला. पुढं दरवर्षी तोच दिवस पाळत. म्हणजे देशानं स्वतः निवडलेला दिवस २६ जानेवारी. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन साहेबानं ठरवली. महायुद्धात जपान शरण आला त्याला त्या दिवशी दोन वर्षं होत होती, म्हणून त्यानं ती धरली. गुरुजींनी आपल्याला १ जून लावून दिला ना, तसं साहेबानं देशाला १५ ऑगस्ट लावून दिला! ज्योतिषांनी कुरकुर केली की दिवस चांगला नाही. पण देशानं ती तारीख आपली करून घेतली. आणि २६ जानेवारी वाया जाऊ नये म्हणून १९५० साली राज्यघटना त्या दिवशी लागू केली.

या दोन तारखांना जन्म आणि मरण जोडलेली माणसं आहेत. आपल्या सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात नंदगड आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर सरदार संगोळ्ळी रायण्णा याला तिथं फाशी दिलं. त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७९८ चा मानतात, आणि फाशीचा दिवस २६ जानेवारी १८३१. दुसरे योगी अरविंद. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात ते अनेक वर्षं नोकरीला होते. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी ते ७५ वर्षांचे झाले. तिरुचिरापल्लीच्या आकाशवाणीनं त्यांच्याकडून संदेश मागवला आणि आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला तो प्रसारित केला. आपला वाढदिवस आणि देशाचा जन्म एकाच दिवशी आल्याचा उल्लेख त्यांनी त्यात केला. म्हणजे १५ ऑगस्टच्या वाढदिवसावर रेडिओवर बोलणारी मी काही पहिली नाही!

आणि आपलं चाकण? चाकणचा संग्रामदुर्ग तुम्ही बाजाराला जाताना पाहिला असेल. आता पडकी तटबंदी उरलीय. १६६० साली २१ जूनला शाहिस्तेखानानं त्याला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा आणि तीन-चारशे माणसं. भर पावसाळ्यात त्यांनी तो भुईकोट झुंजवला. अखेर १४ ऑगस्टला खानानं सुरुंग लावून बुरूज उडवला, आणि दुसऱ्या दिवशी गड गेला. तो दिवस १५ ऑगस्ट १६६०. मोजून ५६ दिवस! खानानं फिरंगोजीला चाकरी देऊ केली, त्यानं ती नाकारली. आपल्या गावाशेजारी हा इतिहास घडला. त्या दिवसांत आसपासच्या वाड्यांतल्या बायांनी लेकरं घेऊन कुठं आसरा घेतला असेल, याची ओळ कुठल्या बखरीत नाही.

असो. मी वाढदिवसाचं सांगत होते.

२०२३ साल आलं तसं मी कॅलेंडर उलटलं आणि उडालेच. पुन्हा अधिक श्रावण! १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळ येतात हे जुनी माणसं सांगतात. १९ चोक ७६. म्हणजे १९४७ मध्ये ७६ मिळवा, २०२३. आणि १५ ऑगस्ट २०२३ ला तिथी कोणती? अधिक श्रावण वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अवस. फक्त वार बदलला, शुक्रवारच्या जागी मंगळवार. आजींची तिथी आणि तारीख दोन्ही एका दिवशी! म्हटलं, आता हा वाढदिवस झालाच पाहिजे.

केक आणायचा का, यावर चर्चा झाली. आजी म्हणाल्या, "धोंड्याचा महिना हाय, धोंडंच करा." या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंड्याचं वाण देतात, अनारसे देतात. आजींनी इतकी वर्षं ते दुसऱ्यांना दिलं. या वेळी आम्ही पुरण घालून धोंडे केले ते त्यांच्यासाठी. सकाळी शाळेतलं झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला. तिथंच आजींना पाटावर बसवून औक्षण केलं. मग चाकणला येऊन एसटी धरली. मार्चपासून आपल्याला सगळ्यांनाच अर्धं तिकीट झालेलं. आजींनीही अर्धंच काढलं. खरं तर त्यांना शून्य लागायला हवं होतं.

जायचं कुठं, ते आजींनीच ठरवलं होतं. "गांधीबाबाला जिथं कोंडला हुता तिथं." म्हणजे येरवड्याजवळ नगर रस्त्यावरचा आगाखान महाल. वाकडेवाडीला उतरून तिथं गेलो. केवढी मोठी वास्तू, किती झाडी! १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी ती बांधली. दुष्काळानं गांजलेल्यांना काम मिळावं हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे तिच्या भिंती आपल्यासारख्यांच्या घामानंच उभ्या राहिल्या.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत चले जावचा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींना पकडलं आणि इथं आणून ठेवलं. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेनही इथंच. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा होती. कस्तुरबा म्हणाल्या, मी जाते बोलायला. त्यांनाही अटक झाली आणि मग त्याही इथंच आल्या.

आणि सहाच दिवसांत महादेवभाई गेले. तारीख होती १५ ऑगस्ट १९४२. वय अवघं पन्नास. अजून पाच वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? महालाच्या आवारातच त्यांना अग्नी दिला. म्हणून पंधरा ऑगस्टला या जागी झेंडाही असतो आणि श्राद्धाची फुलंही असतात.

कस्तुरबा तिथंच खंगत गेल्या. सत्तरी उलटलेली, तरी त्या बंदिवासात गांधीजी त्यांना शिकवायला बसत. म्हणजे आपल्या गटात प्रौढ वर्गाला येताना ज्या लाजतात, त्यांनी हे ध्यानात ठेवा. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या दिवशी कस्तुरबांनी देह ठेवला. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना शेवटी नेसवली होती. महादेवभाईंच्या शेजारीच त्यांची समाधी आहे. दोन लहान समाध्या, बाजूबाजूला.

आता मी तुम्हाला जे सांगायला आज बसले, ते ऐका. कस्तुरबा गेल्यावर देशात ठरलं की त्यांचं स्मारक करायचं. २ ऑक्टोबर १९४४ ला गांधीजींचा ७५ वा वाढदिवस होता. म्हणून ७५ लाख रुपये जमवायचे ठरवले. लोकांनी एक कोटीहून जास्त दिले! तो पैसा वाढदिवसाला गांधीजींच्या हाती दिला. तो पुतळ्याला लावला नाही. खेड्यातल्या बायका आणि लेकरं, त्यांचं शिक्षण, बाळंतपण, आरोग्य यासाठी वापरायचा असं ठरलं. त्यातूनच कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. आपल्या महाराष्ट्रात सासवडच्या आश्रमातून प्रेमाताई कंटक यांनी ते काम चालवलं. खेडोपाडी जाऊन काम करणाऱ्या बाया त्यातून तयार झाल्या. आणि आज सरकार कस्तुरबांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, सुरक्षित मातृत्व दिन म्हणून पाळतं.

एका माणसाचा वाढदिवस, त्याच्या बायकोची आठवण, आणि भेट मिळाली ती तुमच्या-माझ्या आज्यांना. असा वाढदिवस मला फार आवडला.

हे सगळं आजींना समाधीपाशी उभं राहून सांगितलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मग विचारलं, "कस्तुरबाईला लेकी किती?" मी म्हटलं, चार मुलगेच. त्या म्हणाल्या, "मग ह्या सगळ्या तिच्या लेकीच म्हणायच्या." बाहेर येऊन झाडाखाली बसून आम्ही धोंडे खाल्ले. आजींनी प्रत्येकीला आपल्या हातानं दिले. ज्याचा वाढदिवस त्यानं वाण द्यायचं, असा नवा रिवाज त्यांनी त्या दिवशी पाडला.

परत येताना एसटीत त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतकी वरसं सगळा गाव माझ्या वाढदिवसाला झेंडा लावत हुता आन् मला कुणी सांगितलं न्हाई." आणि खुदकन हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आता कामाचं बोलते. गटाच्या पुढच्या बैठकीत चार गोष्टी करा.

एक. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या जन्माचं विचारा. वार, सण, धोंड्याचा महिना, दुष्काळ, पूर, यात्रा, जे आठवेल ते लिहून ठेवा. त्या आहेत तोवरच हे होईल.

दोन. जुनी नोंद हवी असेल तर कोतवाल बुकासाठी अर्ज करा. नाव सापडलं नाही तरी बापाचं नाव आणि तारीख सापडू शकते.

तीन. आता घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद २१ दिवसांच्या आत झालीच पाहिजे. त्यासाठी १९६९ चा कायदा आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी दाखला हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरणार आहेत.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बारशानंतर परत जाऊन दाखल्यावर लेकीचं नाव चढवा. वर्षाच्या आत ते फुकट होतं. नंतरही १५ वर्षांपर्यंत थोडी फी भरून होतं. आपल्या आजींच्या वहीतली कोरी जागा ७६ वर्षं कोरीच राहिली. तुमच्या नातीची राहू देऊ नका.

पंधरा ऑगस्टला गावात ग्रामसभा असते. त्याआधी महिलांची सभा असते. तिथं हा विषय घ्या. कुणाची नोंद राहिलीय, कुणाचं नाव चढायचंय, याची यादी वाचा. झेंडा वर चढताना आपण टाळ्या वाजवतो, त्याच दिवशी एखाद्या बाईचं नावही वहीत चढलं तर त्या टाळ्या दुप्पट वाजतील.

आजींच्या अर्जाचं काय झालं, ते काम झालं की याच ठिकाणी येऊन सांगेन. तोवर त्या अर्ध्या तिकिटावर फिरतायत, आणि कुणी वय विचारलं की कार्ड न काढता सांगतायत, "झेंडा लागला तवाची हाय मी."